दाराआडचा कोपरा

लग्ननोंदणीच्या कचेरीत सगळे त्यांना टाचणीमामा म्हणत. शर्टाच्या कॉलरखाली त्यांनी कायम टाचण्या खोचलेल्या असायच्या. मान वळवताना एखादी टोचली की मामा नुसतं "हं" म्हणायचे, जणू कुणी हाक मारली होती. नोकरी शिपायाची. फायली इकडून तिकडे नेणं, मॅडमचा चहा आणणं, पंखे चालू-बंद करणं, आणि लग्नाच्या नोटिसा फळ्यावर लावणं. शेवटचं काम मात्र ते स्वतःचं समजत.

येणारी जोडपी खिडकीआधी मामांपाशीच थांबत. मामा हातातलं फडकं खांद्यावर टाकत आणि सुरू करत. "वयाचा दाखला, दोघांचा. राहत्या पत्त्याचा पुरावा. फोटो. आधीचं लग्न नाही असं प्रतिज्ञापत्र, असेल तर ते मोडल्याचा कोर्टाचा कागद. मग फोटोसकट तुमची नोटीस लागणार, महिनाभर फळ्यावर राहणार. कुणाची हरकत आली नाही तर साक्षीदार घेऊन या, सह्या करा, लग्न झालं."

"एवढंच?"

"कचेरीतलं एवढंच. बाकीचं घरी गेल्यावर चालू होतं."

हा विनोद ते रोज करत आणि रोज कुणीतरी हसे. एकदा एका मुलाने घाबरत विचारलं होतं, "मामा, फोटोत हसलेलं चालतं का?" मामा म्हणाले, "चालतं. फक्त नंतर ओळख पटली पाहिजे."

फळा भिंतभर होता, हिरव्या कापडाचा. त्याच्या उजव्या अंगाला जुन्या फायलींच्या खोलीचं दार होतं. त्या खोलीत कुबट वास कोंडायचा, म्हणून दार दिवसभर उघडं आणि खाली विटेचा टेकू. उघडं दार भिंतीला येऊन टेकलं की फळ्याचा उजवा कोपरा त्याच्यामागे जायचा. तिथे लावलेली नोटीस फळ्यावर असायची आणि कुणाला दिसायची नाही.

हे मामांना नोकरीच्या सुरुवातीला कळलेलं नव्हतं. तेव्हा ते प्रत्येक नोटीस जागा मिळेल तिथे लावत. मग एक दिवस एका मुलीचे भाऊ आणि चुलते फळ्यासमोर उभे राहिले, त्यांनी बोट ठेवून तिचं नाव वाचलं, आणि सहीच्या दिवशी तिला पायऱ्यांवरून केसाला धरून नेलं. मामा तेव्हा चहाची किटली घेऊन दारात उभे होते. किटली खाली ठेवावी हेसुद्धा त्यांना सुचलं नाही. मुलीची एक चप्पल पायरीवर राहिली. ती न्यायला कुणी आलं नाही. मामांनी ती बरेच दिवस खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. एक दिवस झाडूवालीने ती टाकून दिली.

तेव्हापासून एखादं जोडपं घाबरलेलं दिसलं की मामा काही न बोलता कॉलरखालची टाचणी काढत आणि त्यांची नोटीस दाराआड लावत. मॅडम आतल्या खोलीत बसत, त्यांना ठाऊक नव्हतं. घरी ठाऊक होतं. लेक लहान असल्यापासून मैत्रिणींना सांगायची, "माझे बाबा लग्नं लपवून ठेवतात," आणि मामांना ते एखादं बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं.

आता त्या लेकीचंच लग्न ठरलं होतं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांनी मिळून ठरवलं होतं की सह्या बाबांच्याच कचेरीत करायच्या आणि संध्याकाळी एका छोट्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलवायचं.

"जन्मभर लोकांची लग्नं लावलीत," बायको म्हणाली, "आता घरच्या लग्नात तरी नुसतं उभं राहू नका. खुर्च्यांचं बघा. विहीणबाईंना पाठ टेकायला उंच खुर्ची लागते म्हणे."

"त्यांना सिंहासनच आणू."

"आणा की. पण मग मलाही एक आणा."

"आई, बाबा, कागद सगळे माझे जमलेत," लेक म्हणाली. "बाबा, तुम्ही फक्त टाचण्या मारा. आणि आमची दाराआड नको हं. आम्ही कुणाला घाबरत नाही."

तिची नोटीस मामांनी फळ्याच्या मधोमध, नजरेच्या उंचीवर लावली. चारी कोपऱ्यांना टाचण्या. इतरांच्या वाट्याला वरच्या दोनच यायच्या. येता-जाता ते तिच्याकडे बघत, आणि कुणी वाचत उभं असलं तर उगाच खाकरत.

ती नोटीस लागण्याच्या थोडं आधी एक नर्स आपल्या माणसाबरोबर आली होती. मुलगी पांढऱ्या पोशाखातच, थेट कामावरून आलेली. माणूस तिच्याहून मोठा, अदबीने बोलणारा, एका भुवईत जुन्या जखमेची फट. मुलगी मामांना बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, आमची नोटीस जरा आतल्या बाजूला लावता येईल? यांच्या घरचे फार वाईट आहेत. कुणी पाहिलं तर मारतील यांना."

"कुणी सांगितलं तुम्हाला आतल्या बाजूचं?"

"यांना कळलं कुठूनतरी."

माणसाने हात जोडले. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं, मामा."

मामांना ते वाक्य आवडलं. नोटीस दाराआड गेली.

मग काही दिवसांनी एक बाई आली. उन्हातून चालत आलेली, ओठ घट्ट मिटलेले, पर्स छातीशी धरलेली. फळ्यासमोर उभी राहून तिने एकेक नोटीस वाचली, आणि शेवटी मामांना त्या माणसाचं नाव सांगून विचारलं, "या नावाची नोटीस लागलीय का इथे?"

मामांनी तिचे मिटलेले ओठ पाहिले. असे ओठ त्यांनी पुष्कळ पाहिले होते, भावांचे, आत्यांचे, मोठ्या बहिणींचे. बहीणच असणार, त्यांना वाटलं. फार वाईट घरातली बहीण.

"नाही बुवा," ते म्हणाले. "असलं नाव इथे आलेलंच नाही."

"नक्की ना? नीट आठवून सांगा."

"ताई, इथला प्रत्येक कागद माझ्या हातून लागतो."

बाईने डोळे मिटले, मग उघडले, आणि पायऱ्या उतरून गेली. ती उभी होती तिथून हातभर अंतरावर ते दार होतं. मामांनी त्या दिवशी घरी येऊन ही गोष्ट रंगवून सांगितली. लेक टाळ्या पिटून हसली.

लेकीचा लग्नाचा पोशाख शिवायला दिला होता, पण अस्तराचं कापड कमी पडलं. ते नेऊन द्यायचं काम बायकोने मामांवर टाकलं. "नवी शिवणवाली शोधलीय, हात फार सफाईचा आहे. जाऊन कापड द्या आणि लगेच या. गप्पा मारत बसू नका."

दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत मशीन. जमिनीवर रंगीत चिंध्या आणि त्यांत बसून एक मुलगी खडूने चिंधीवर चेहरा काढत होती. मशीनवरून बाईने मान वर केली आणि मामांचे पाय उंबऱ्यावरच थांबले. तीच बाई. ओठ आता मिटलेले नव्हते.

"तुम्ही!" ती हसली. "नोंदणीच्या ऑफिसातले मामा ना? अहो या, या. म्हणजे ही मुलगी तुमची? आधी सांगायचं नाही का!"

तिने खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. मामा बसले. पाणी आलं. ते पाणी हातात धरून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. शिवलेल्या कपड्यांच्या हँगरांमागे एक लग्नाचा फोटो होता. बाई होती, बारीक, भेदरलेली. शेजारी तो. भुवईत फट. खाली बसलेल्या मुलीने मान वर केली, तर हनुवटी त्याचीच.

"तुम्हाला सांगते, मामा," बाई मशीनच्या चाकावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही नीट सांगितलंत म्हणून मी घरी परत आले. नाहीतर मी त्या दिवशी काय केलं असतं, मलाच माहीत नाही. हिचे बाबा कामाला बाहेरगावी असतात. बरेच महिने आलेले नाहीत. कुणीतरी येऊन कानात विष ओतलं, ते दुसरं लग्न करतायत म्हणून. मी मूर्ख, विश्वास ठेवला. तुमच्याशी बोलले आणि जीव थाऱ्यावर आला. आता त्यांचे फोन येत नाहीत तरी मी म्हणते, येतील."

मामांनी पाण्याचा ग्लास दुसऱ्या हातात घेतला.

"पाणी प्या ना."

मामा पाणी प्यायले.

"तुमच्या मुलीच्या पोशाखाला बाहेरून शिवण दिसणार नाही अशी शिवते," ती म्हणाली. "आतूनही. एवढं तरी मला तुमच्यासाठी करू दे."

मामा उठले. उठताना "होईल, सगळं नीट होईल" असं काहीतरी त्यांच्या तोंडून गेलं, आणि रस्त्यावर आल्यावर त्यांना कळलं की आपण आत्ता दुसऱ्यांदा खोटं बोललो. पहिलं तरी न कळून होतं.

माणसाच्या अपराधाला वजन असतं असं म्हणतात. मामांना तो वजनासारखा वाटला नाही. तो कॉलरखालच्या टाचणीसारखा होता. सरळ बसलं तर काही नाही, मान वळवली की आहेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की बाईला काही सांगायची गरजच नाही. नोटीस दिसली की झालं, कुणीतरी वाचेल, कुणीतरी तिला सांगेल. त्यांनी वीट बाजूला केली, दार लावून घेतलं. कोपरा उघडा पडला. दुपारी फायलींच्या खोलीतला कारकून घामाघूम होऊन बाहेर आला. "मामा, जीव घेता का माझा?" त्याने दार उघडलं आणि वीट पुन्हा लावली. मामा बघत राहिले. त्यांना थोडं हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाज वाटली.

मग वाटलं, नोटीस काढून मधोमध लावावी. पण मधोमध लेकीची होती. तिच्या शेजारी तो फोटो टाचायला त्यांचा हात उचलला जाईना.

शिवाय सांगायचं तर कुणाकुणाला? बाईला सांगितलं की ती हरकत घ्यायला येणार. मॅडम विचारणार, आधी का आला नाहीत? मग दार, वीट, कोपरा, सगळं बाहेर येणार. नोकरी जाईल. लेकीच्या लग्नाच्या तोंडावर विहीणबाईंच्या कानावर काय जाईल? आणि लेक? तिच्या टाळ्या?

"जेवत का नाही?" बायकोने विचारलं. "पोरगी जाणार म्हणून आत्तापासून उपास करायचा नसतो."

"बाबांना गहिवर आलाय," लेक म्हणाली. "बाबा, मी दोन गल्ल्या सोडून राहायला जातेय, चंद्रावर नाही." तिने त्यांच्या ताटात वाढलं आणि विचारलं, "त्या वाईट घरातल्या बहिणीचं पुढे काय झालं? पुन्हा आली का?"

"नाही," मामा म्हणाले.

पुन्हा येणार कशी? तिला त्यांनीच घरी पाठवलं होतं.

त्या दिवसांत मामांना एक नवीच सवय लागली. दाराआडच्या त्या कोपऱ्यात आजवर ज्यांच्या नोटिसा लावल्या, त्यांना नाही, तर फळ्यासमोर उभं राहून रिकाम्या हाताने परत गेलेल्यांना ते आठवू लागले. एक म्हातारा, टोपी हातात घेतलेला. एक पोटुशी बाई, तिला त्यांनी बसायला स्टूल दिलं होतं आणि "असलं नाव नाही" सांगितलं होतं. तेव्हा ते सगळे त्यांना केस धरून नेणारे वाटले होते. त्यांतले कितीजण केस धरणारे होते, आणि कितीजणांची चप्पल पायरीवर राहिली होती? हे आता कुणाला विचारायचं?

नोटिशीची मुदत संपायचा दिवस आला. सकाळी मॅडमनी सहज म्हटलं, "मामा, नर्सबाईंची मुदत आज संपते. उद्या त्यांना सह्यांना बोलवा." मामा "हो" म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, तसाच बंद केला, आणि कुणाला न सांगता पायऱ्या उतरले.

मशीन चालू होतं. लेकीचा पोशाख सुईखाली होता.

"आलात? अजून बाही राहिलीय," बाई म्हणाली. मग त्यांचा चेहरा पाहून तिचा पाय मशीनच्या पायपट्टीवर थांबला.

मामा उभेच राहिले. "ताई, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. नोटीस आहे. दाराआड मी लावलीय. तुमच्या मालकांची, एका नर्सबरोबर. आज शेवटचा दिवस आहे. आत्ता आलात तर हरकत घेता येते. तुमच्या लग्नाचा कागद बरोबर घ्या."

मुलगी खडू घेऊन दोघांकडे बघत होती.

"का?" बाईने विचारलं.

"मला वाटलं तुम्ही त्यांची बहीण."

"बहीण असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "कापड द्यायला आलात तेव्हा कळलं होतं?"

"हो."

"आणि माझं पाणी प्यायलात."

मामांनी मान खाली घातली. टाचणी टोचली. "हं" त्यांनी म्हटलं नाही.

बाईने दाताने दोरा तोडला, पोशाख घडी करून बाजूला ठेवला आणि कपाट उघडलं. पोशाखाची घडी तिने नीट घातली होती, हे मामांच्या लक्षात राहिलं.

"पोशाख मी पूर्ण करीन," ती पाठमोरी म्हणाली. "त्या मुलीचा काय दोष? पण न्यायला तुम्ही येऊ नका."

कचेरीत मॅडमनी लग्नाचा कागद दोनदा वाचला, फोटोशी फोटो ताडून पाहिला. "हरकत घेते मी नोंदवून," त्या म्हणाल्या. "हे लग्न होणार नाही. पण बाई, महिनाभर नोटीस लागलेली, तुम्ही आज शेवटच्या दिवशी कशा?"

"मी आधी आले होते. नाव नाही म्हणून सांगितलं."

"कुणी सांगितलं?"

बाईच्या बाहीला अजून दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले होते, ते ती एकेक करून काढत राहिली. ती मामांकडे बघतसुद्धा नव्हती. तिने नाव घेतलं असतं तर सोपं झालं असतं.

"मी," मामा म्हणाले.

नोटीस कुठे लावलीय ते बघायला मॅडम बाहेर आल्या. मामांनी वाकून वीट उचलली आणि दार लोटलं. कोपऱ्यातलं कापड इतर फळ्यापेक्षा जास्त हिरवं होतं, कारण त्याला ऊन लागलेलं नव्हतं. आणि ते टाचण्यांच्या भोकांनी चाळणीसारखं झालं होतं. नर्सची नोटीस मधोमध. मॅडमनी बोट त्या भोकांवरून फिरवलं.

"हे सगळं तुमचं?"

"हो."

"चांगलं करतोय असं वाटत होतं तुम्हाला?"

मामांकडे उत्तर होतं, पण ते आता कुणाच्या कामाचं नव्हतं.

"चौकशी होईल, मामा. मला लिहावं लागेल वर. तोवर फळ्याला हात लावायचा नाही."

नर्सला निरोप गेला. ती तशीच पांढऱ्या पोशाखात आली, एकटीच. त्या माणसाचा फोन बंद होता. बाई तोवर निघून गेली होती. नर्सने हरकतीचा कागद वाचला, जिन्याजवळच्या बाकावर बसली आणि मामांना म्हणाली, "मीच तुम्हाला म्हटलं होतं ना, आत लावा म्हणून? त्यांनी मला शिकवलं होतं तसं म्हणायला. माझीच चूक."

"तुमची नाही," मामा म्हणाले. "टाचणी माझी होती."

ती उठून गेली. वाक्य मात्र मामांच्या तोंडात राहिलं, कडू.

पोशाख आणायला लेक गेली. मामा घरीच बसले. घरी त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं. रजा टाकलीय, लग्नाची कामं आहेत, एवढंच म्हणाले होते, आणि बायकोने खूश होऊन त्यांच्या हातात खुर्च्यावाल्याचा नंबर दिला होता.

लेक आली ती आतल्या खोलीत गेली आणि पोशाख घालून बाहेर आली. खोली एकदम लहान वाटू लागली. शिवण बाहेरून दिसत नव्हती.

"आईगं," बायको म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

"आतून बघ ना आई, आतूनसुद्धा दिसत नाही," लेक बाही उलटवून दाखवत म्हणाली. "बाबा, तुम्ही काही बोलत का नाही? छान नाहीय?"

"छान आहे," मामा म्हणाले. "शिवणवाल्या ताई काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, खांदे आईवर गेलेत."

"माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल? नाही, काहीच नाही." लेकीने आरशात वळून पाहिलं आणि हसली. "मीच बोलले. म्हटलं, माझे बाबा कचेरीत लोकांची लग्नं सांभाळतात, कुणाची मोडू देत नाहीत. त्या नुसतं ऐकत होत्या. टीप घालत बसल्या."

मामा उठले. कॉलरखाली हात गेला. टाचण्या अजून तिथेच होत्या. त्यांनी एकेक काढून टेबलावर ठेवली.

"इकडे ये," ते म्हणाले. "बस जरा. तुला काही सांगायचंय."

"आत्ता? पोशाख चुरगळेल, बाबा."

"मग उभ्यानेच ऐक."